पश्चात्तापानंतरचे ऋण
‘अमेरिकन हिस्टरी एक्स’ : एक परीक्षण

मनुष्याच्या मनातील द्वेष नाहीसा होऊ शकतो काय, आणि तो नाहीसा झाला म्हणजे त्या द्वेषापोटी घडलेल्या अन्यायाचा हिशेब पूर्ण झाला असे समजावयाचे काय, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, याविषयी बौद्धांच्या मनात संदेह असण्याचे कारण नाही. दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे आणि पहिल्याचे उत्तर सापडल्याच्या समाधानात तो पुष्कळदा विचारावयाचाच राहून जातो. १९९८ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘अमेरिकन हिस्टरी एक्स’ हा चित्रपट पहिल्या प्रश्नाला धैर्याने भिडतो. दुसऱ्याच्या उंबरठ्यापाशी मात्र तो थांबतो. तो कोठे थांबतो आणि त्या थांबण्याचा अर्थ काय, याची चर्चा प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा हेतू आहे.

अमेरिकेतील वर्णद्वेषाचा इतिहास आमच्या वाचकांना सर्वस्वी परका नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निवेदनाची चौकशी केली होती. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, हेही सर्वश्रुत आहे. तथापि जात आणि वंश या दोन गोष्टी एक नव्हेत. जातीची उपपत्ती वंशभेदातून लावण्यास स्वतः बाबासाहेबांनीच विरोध केला होता. म्हणून हा चित्रपट त्याच्या भूमीवर ठेवूनच पाहिला पाहिजे. आमच्या अनुभवाचा आधार येथे घ्यावयाचा तो परीक्षणाची कसोटी म्हणून. कॅलिफोर्नियाचा मराठवाडा करण्यासाठी नव्हे.

कथानक

दिग्दर्शक टोनी के आणि पटकथाकार डेव्हिड मॅकेना यांचा हा चित्रपट लॉस एंजेलिसमधील व्हेनिस बीच या भागात घडतो. डेरेक विनयार्ड हा बुद्धिमान श्वेतवर्णीय तरुण. त्याचे वडील अग्निशामक दलात असतात आणि मादक द्रव्यांच्या एका अड्ड्याची आग विझवीत असताना गोळी लागून मरण पावतात. डेरेक नाझी विचारांच्या, डोकी भादरलेल्या तरुणांच्या टोळीचा पुढारी होतो. कॅमेरॉन अलेक्झांडर नावाचा एक प्रौढ प्रचारक या पोरांना हाताशी धरून आपले साम्राज्य चालवीत असतो. एके रात्री आपली मोटार चोरावयास आलेल्या दोघा कृष्णवर्णीयांना डेरेक ठार करतो. त्यांपैकी एकाला तो ज्या रीतीने मारतो ती पाहणे असह्य आहे. त्याला तीन वर्षांची शिक्षा होते. तुरुंगात त्याचा भ्रमनिरास होतो आणि तो बदलून बाहेर येतो. तेव्हा त्याला दिसते ते हे, की धाकटा भाऊ डॅनी त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवून त्याच टोळीत शिरला आहे. डॅनीने हिटलरच्या आत्मचरित्रावर गौरवपर निबंध लिहिलेला असतो. शाळेचे कृष्णवर्णीय मुख्याध्यापक डॉ. स्वीनी त्याला शाळेतून काढून न टाकता दुसरा निबंध लिहावयास सांगतात. विषय, त्याचा स्वतःचा भाऊ. त्या निबंधाचे नाव तेच चित्रपटाचे नाव. डेरेकच्या सुटकेनंतरच्या एका दिवसात वर्तमानकाळाची सारी कथा घडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या स्वच्छतागृहात एक कृष्णवर्णीय विद्यार्थी डॅनीला गोळी घालतो.

भूतकाळ कृष्णधवल आणि वर्तमानकाळ रंगीत, अशी चित्रपटाची रचना आहे. डेरेकची भूमिका एडवर्ड नॉर्टन यांनी केली. १९९९ च्या ऑस्कर पारितोषिकासाठी त्यांचे नामनिर्देशन झाले. चित्रपटाच्या अखेरच्या संकलनावरून दिग्दर्शक आणि निर्मितीसंस्था यांच्यात इतका वाद झाला, की टोनी के यांनी आपले नाव चित्रपटावरून काढून टाकण्याची मागणी केली आणि ती मान्य न झाल्यामुळे न्यायालयाचा मार्ग धरला. म्हणजे जी कृती आपण पाहतो ती तिच्या दिग्दर्शकाला पूर्णपणे मान्य नव्हती, एवढे लक्षात ठेवणे इष्ट होय. परंतु समीक्षकाने विचार करावयाचा तो समोर असलेल्या कृतीचाच.

द्वेषाची पाठशाळा

या चित्रपटाचे सर्वांत मोठे श्रेय आमच्या मते पुढील गोष्टीत आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर डेरेक दूरदर्शनच्या वार्ताहरासमोर उभा राहून कृष्णवर्णीयांविरुद्ध गरळ ओकतो, तेव्हा प्रेक्षकाची अशी समजूत होते की पितृवियोगाच्या दुःखातून हा द्वेष जन्मला. बराच काळ चित्रपट ही समजूत तशीच राहू देतो. आणि मग, शेवटाकडे येता येता, तो आपल्याला एका भोजनप्रसंगापाशी नेतो. वडील जिवंत आहेत. घरात शांतता आहे. कोवळ्या वयाचा डेरेक आपल्या शिक्षकांविषयी, म्हणजे डॉ. स्वीनींविषयी, भारावून बोलत आहे. कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट यांची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी त्याला अभ्यासास लावलेली आहे. वडील ओरडत नाहीत, शिवी देऊन सुरुवातही करीत नाहीत. चांगली पुस्तके काढून ही असली पुस्तके का शिकवितात, असे ते विचारतात. आपल्या दलात दोन कृष्णवर्णीयांना नोकरी मिळाली आणि परीक्षेत अधिक गुण मिळविलेले श्वेतवर्णीय मागे राहिले, असे ते सांगतात. प्रश्न गुणवत्तेचा आहे, असा त्यांचा सूर आहे. मुलगा प्रथम गोंधळतो आणि नंतर मान डोलावतो.

आमच्या वाचकांना हा संवाद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ‘गुणवत्ता’ हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारला म्हणजे त्याचा अर्थ काय होतो, हे राखीव जागांविरुद्धची आंदोलने पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु हा प्रसंग अमेरिकेच्या संदर्भातच नीट पाहिला पाहिजे. तेथे ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ या नावाने जे धोरण होते, त्यावर १९९० नंतरच्या दशकात चहूबाजूंनी हल्ले होत होते. ज्या कॅलिफोर्निया राज्यात ही कथा घडते, त्याच राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘प्रस्ताव २०९’ संमत करून शासकीय नोकऱ्या, शासकीय कंत्राटे आणि सार्वजनिक शिक्षणसंस्था यांतील वंशाधारित प्राधान्य बंद केले. पुढे २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशांपुरते हे धोरण देशभर मोडीत काढले. यावरून जेवणाच्या टेबलावरचा तो बाप कोणी एकटादुकटा माथेफिरू नव्हता, हे उघड आहे. तो मतदार होता, करदाता होता आणि कर्तव्यदक्ष नोकर होता. चित्रपट सांगतो ते असे, की हातात नाझी झेंडा घेण्यापूर्वी द्वेषाने सभ्य माणसाची भाषा घेतलेली असते. पिस्तुलाचा चाप ओढण्याआधी पुष्कळ वर्षे कोणीतरी भाजी वाढता वाढता तो शिकविलेला असतो.

प्रतीत्यसमुत्पादाचा विचार ज्यांना परिचित आहे, त्यांना या मांडणीचे मोल चटकन कळेल. द्वेष हा स्वयंभू नाही. लोभ, द्वेष आणि मोह या तीन अकुशलमूलांत तो एकटा कधी उगवत नाही. त्याच्या मुळाशी मोह, म्हणजे अज्ञान, असतेच. वडिलांच्या मृत्यूने डेरेकला दुःख दिले. त्या दुःखाचा अर्थ कसा लावावयाचा, हे त्याला आधीच शिकविले गेले होते. जातीसंबंधी बाबासाहेबांनी १९३६ साली जे प्रतिपादन केले, ती विटामातीची भिंत नसून मनाची धारणा आहे, तेच येथे वर्णद्वेषाच्या बाबतीत डोळ्यांसमोर उभे राहते. आणि धारणा ही शिकविली जाते, म्हणूनच ती विसरविताही येते.

याच ठिकाणी एक दोषही नोंदविला पाहिजे. द्वेषाची भाषा या चित्रपटात फार वाक्चतुर आहे. रॉडनी किंग या कृष्णवर्णीयास मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी केलेली मारहाण आणि ते पोलीस एप्रिल १९९२ मध्ये निर्दोष ठरल्यानंतर उसळलेली दंगल, जिच्यात पन्नासहून अधिक माणसे मेली, यांविषयी डेरेक भोजनप्रसंगी मोठा वाद घालतो. त्याला तोडीस तोड उत्तर देणारे त्या खोलीत कोणी नाही. आई गांगरलेली आहे; तिचे ज्यू स्नेही, शिक्षक मरे, बोलू लागतात आणि अपमानित होऊन उठून जातात. कॅमेराही या तरुणाच्या पिळदार देहावर रेंगाळतो. बास्केटबॉलचे मैदान त्याची टोळी कृष्णवर्णीयांकडून जिंकून घेते, तो प्रसंग तर एखाद्या क्रीडाविजयासारखा चित्रित केला आहे. द्वेषाचे आकर्षण दाखविल्याविना त्यातून सुटका दाखविता येत नाही, हा युक्तिवाद आम्हांला मान्य आहे. परंतु विषाला मधुर चव दिली असेल, तर उताऱ्यालाही तितकीच शक्ती दिली पाहिजे. तशी ती दिलेली नाही. डेरेकच्या प्रत्येक आकडेवारीला डॉ. स्वीनी उत्तर देऊ शकले असते. चित्रपटाने त्यांना ती संधी नाकारली.

तुरुंगातील दोन शिक्षा

डेरेकचे परिवर्तन कसे घडते? तुरुंगात तो आपल्यासारख्याच नाझी कैद्यांच्या गटात सामील होतो. हा गट मेक्सिकन कैद्यांशी मादक द्रव्यांचा व्यवहार करीत असल्याचे पाहून त्याला धक्का बसतो. त्याचे ‘तत्त्व’ इतरांच्या दृष्टीने धंदा ठरते. तो गटापासून दूर होतो, तेव्हा तेच श्वेतवर्णीय बांधव त्याच्यावर लैंगिक अत्याचार करतात. दुसरीकडे, कपडे धुण्याच्या विभागात त्याला लॅमॉन्ट नावाचा कृष्णवर्णीय कैदी सोबती म्हणून मिळतो. लॅमॉन्ट बडबडतो, हसवितो, हळूहळू त्याचे मौन मोडतो. गटाचे संरक्षण गमावल्यावर कृष्णवर्णीय कैदी आपल्याला ठार करतील, अशी डेरेकची खात्री असते. पण तसे काही होत नाही. सुटकेच्या दिवशी त्याला उमगते, की लॅमॉन्टने आपल्या माणसांत शब्द टाकून त्याला वाचविले आहे. डॉ. स्वीनी तुरुंगात येऊन त्याला भेटतात, पुस्तके देतात आणि एकच प्रश्न विचारतात. आजवर जे केलेस त्यातील कशाने तुझे आयुष्य अधिक चांगले झाले, हा त्या प्रश्नाचा आशय. डेरेकजवळ उत्तर नसते. त्यात उपदेश नाही, परलोकाचे भय नाही; आपल्याच अनुभवाकडे नीट पाहा, एवढेच सांगणे आहे. परीक्षा करून पाहा आणि मग स्वीकारा, या तथागतांच्या रीतीशी तो प्रश्न जुळतो.

या भागातील एक संवाद आम्हांला साऱ्या चित्रपटाचा गाभा वाटतो. लॅमॉन्टला शिक्षा कशाबद्दल झाली, असे डेरेक विचारतो. त्याने एक दूरदर्शन संच चोरला होता. पकडला जाताना तो संच पोलिसाच्या पायावर पडला आणि तो पोलिसावरील हल्ला ठरला. शिक्षा, सहा वर्षे. दोन माणसे मारणाऱ्या डेरेकला तीन वर्षे. डॅनीने खरी साक्ष दिली असती, तर भावाला जन्मठेप झाली असती, हेही चित्रपट आपल्याला सांगतो. डेरेक हे ऐकून क्षणभर गप्प होतो. कायद्याच्या तराजूत कोणत्या देहाचे वजन किती, हे त्या एका क्षणात स्पष्ट होते.

दुर्दैवाने चित्रपटही तो क्षण तेथेच सोडून देतो. लॅमॉन्ट तुरुंगातच राहतो. त्याचे पुढे काय झाले, त्याला घर आहे काय, त्याची कोणी वाट पाहते काय, यांपैकी काहीही आपल्याला कळत नाही. डेरेक बाहेर पडताना त्याचे आभार मानतो आणि लॅमॉन्ट कथेतून नाहीसा होतो. श्वेतवर्णीय नायकाला माणूस करणे एवढेच जणू त्याचे काम होते. येथे आम्हांला थांबून विचारावेसे वाटते, की पीडिताच्या चांगुलपणावर अत्याचाऱ्याचे परिवर्तन उभे राहावे, आणि पीडिताची शिक्षा मात्र तशीच चालू राहावी, यास मुक्ती कोणाची म्हणावयाचे?

तुरुंग ही द्वेषावरची औषधशाळा नव्हे, हेही वास्तवाने त्याच वर्षी दाखवून दिले. ७ जून १९९८ रोजी टेक्सास राज्यातील जॅस्पर या गावी जेम्स बर्ड या ४९ वर्षांच्या कृष्णवर्णीय गृहस्थाला तिघा श्वेतवर्णीयांनी साखळीने मोटारीस बांधून रस्त्यावरून फरफटत नेऊन ठार मारले. त्यांपैकी दोघे एकाच तुरुंगात असताना श्वेतवर्चस्ववादी टोळीत दाखल झालेले होते. पाच महिन्यांच्या आत, ३० ऑक्टोबरला, हा चित्रपट प्रदर्शित झाला. ज्या प्रकारच्या तुरुंगात डेरेक द्वेष टाकून देतो, त्याच प्रकारच्या तुरुंगात त्या दोघांनी तो अधिक घट्ट धरला. फरक कोणत्या गोष्टीने पडला? डेरेकला एक लॅमॉन्ट भेटला आणि एक स्वीनी भेटले. म्हणजे चित्रपटात ज्याला वैयक्तिक परिवर्तन म्हटले आहे, ते एकट्याचे मुळीच नाही. दोन कृष्णवर्णीय माणसांच्या श्रमाचे ते फळ आहे. या श्रमाची नोंद चित्रपट घेतो. त्याचे मूल्य मात्र तो मांडीत नाही.

अंगुलिमालाची कसोटी

पश्चात्ताप पावलेल्या हिंसकाचा विचार निघाला म्हणजे बौद्ध वाचकाच्या मनात अंगुलिमालाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मज्झिमनिकायातील ही कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही घेतली आहे. लोकांत ही कथा बहुधा अर्धीच सांगितली जाते: तथागत भेटले, दरोडेखोराने शस्त्र टाकले, भिक्षू झाला, संपले. परंतु पाली सुत्त तेथे संपत नाही.

भिक्षू झालेला अंगुलिमाल अरण्यात दडून राहत नाही. ज्या प्रदेशाला त्याने त्राही भगवान करून सोडले होते, त्याच कोसल देशाच्या श्रावस्ती नगरीत तो भिक्षापात्र घेऊन दारोदार जातो. प्रसववेदनांनी तळमळणारी एक स्त्री पाहून त्याचे मन द्रवते. तिच्यासाठी सत्यवचन उच्चारण्यास त्याला सांगितले जाते, तेव्हा आपण कधी जाणूनबुजून प्राणिहत्या केलेली नाही, असे म्हणणे खोटे ठरेल, हे तो स्वतःच बोलून दाखवितो. पूर्वीचे आयुष्य पुसून टाकण्याची सवलत तो घेत नाही. पुढे लोक त्याच्यावर ढेकळे, काठ्या, दगड फेकतात. डोके फुटलेले, पात्र भंगलेले, चीवर फाटलेले अशा स्थितीत तो तथागतांकडे येतो. तथागत त्याला सहन करण्यास सांगतात, कारण हे त्याच्याच कृत्यांचे फळ आहे. दगड मारणाऱ्यांचा निषेध सुत्तात कोठेही नाही.

या कथेची ही शेवटची बाजू आम्ही फार महत्त्वाची मानतो. अंगुलिमालाचे मन शुद्ध झाले, हे सत्य आहे. ज्यांची माणसे त्याने मारली, त्यांचे दुःख त्यामुळे संपले नाही, हेही सत्य आहे. धम्म या दोन्ही सत्यांना एकाच कथेत जागा देतो. बदललेल्या मनुष्याने आपल्या कृत्यांच्या परिणामांपासून पळावयाचे नाही. ज्यांना दुखविले त्यांच्या दारात, रिकाम्या हातांनी, उभे राहावयाचे.

या कसोटीवर डेरेकला पाहा. सुटका झाल्यावर तो भावाला वाचविण्यासाठी धडपडतो, आईला आणि बहिणीला आधार देतो, कॅमेरॉनशी संबंध तोडतो. भिंतीवरची नाझी चित्रे दोघे भाऊ मिळून उतरवितात. आरशासमोर उभा राहून छातीवर गोंदलेले नाझी चिन्ह तो हाताने झाकून पाहतो. हे दृश्य बोलके आहे, कारण चिन्ह झाकता येते, पुसता येत नाही. हे सारे खरे आणि हृदयस्पर्शी आहे. परंतु त्याचे सारे प्रयत्न आपल्या घराच्या चार भिंतींच्या आत आहेत. ज्या दोघांना त्याने ठार केले, त्यांच्या घरी तो जात नाही. जावे असा विचारही त्याच्या तोंडून निघत नाही. त्यांना आई होती काय, भाऊ होता काय? डॅनीच्या मृत्यूनंतर डेरेक त्याला कवटाळून आक्रोश करतो, तेव्हा कॅमेरा आपल्याला ते दुःख पुरेपूर पाहावयास लावतो. त्या दोघांच्या प्रेतांशेजारी कोणाचा आक्रोश उठला, तो मात्र आपण ऐकलेला नाही. ते चोरी करावयास आले होते हे खरे. पण चोरीची शिक्षा मृत्यू नव्हे, आणि चोराचेही घर रडते.

डॅनीला मारणारा मुलगाही असाच ओझरता येतो. आदल्या दिवशी शाळेत डॅनीने त्याच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडलेला असतो, एवढेच आपल्याला त्याच्याविषयी माहीत आहे. त्याच्या हाती पिस्तूल कसे आले, त्याच्या घरातील जेवणाच्या टेबलावर काय बोलले जात होते, त्याच्यासाठी कोणी स्वीनी होते काय, हे चित्रपट विचारीत नाही. श्वेतवर्णीय द्वेषाला बाप आहे, बालपण आहे, कारणपरंपरा आहे. कृष्णवर्णीय द्वेष मात्र कारणावाचून, दरवाजातून आत येतो आणि गोळी झाडतो. प्रतीत्यसमुत्पादाचा नियम अर्ध्याच माणसांना लावला, तर ती करुणाही अर्धीच राहते. डॅनीच्या निबंधाच्या शेवटी अब्राहम लिंकन यांच्या १८६१ च्या अध्यक्षीय भाषणातील मैत्रीचे आवाहन येते. ते भाषण फुटून निघालेल्या दक्षिणेकडील गुलामधारक राज्यांना उद्देशून होते. ज्यांना गुलाम केले होते त्यांच्याशी मैत्री करा, असे ते सांगत नव्हते. श्वेतवर्णीयांनी आपसांत समेट करावा, या आवाहनाने वर्णद्वेषाची कथा संपावी, यातच चित्रपटाची मर्यादा नकळत प्रकट होते.

मैत्री आणि न्याय

वैराने वैर शमत नाही, हे बुद्धवचन आम्हांला शिरोधार्य आहे. परंतु अवैर म्हणजे विस्मरण नव्हे, हे बाबासाहेबांनी आपल्या कृतीने शिकविले. २० मार्च १९२७ रोजी महाडास सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा त्यांनी आपल्या संतप्त अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून रोखले आणि हल्लेखोरांविरुद्ध कायद्याने दाद मागितली. संयम आणि न्याय यांत त्यांना विरोध दिसला नाही. १९३२ साली अस्पृश्यतानिवारणासाठी नवी संघटना निघाली, तेव्हा तिचे कार्यवाह ठक्कर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हाच मुद्दा मांडला. व्यक्तिगत सद्गुण सुधारण्यापेक्षा पाणवठे, शाळा, रस्ते यांवरील हक्क प्रत्यक्ष मिळवून देण्यावर भर द्यावा, असा त्याचा आशय होता. हृदयपरिवर्तनाला त्यांचा विरोध नव्हता. हृदयपरिवर्तन होईपर्यंत पीडिताने वाट पाहावी, याला होता.

चित्रपटाने जे दाखविले नाही, ते अमेरिकेतील काही माणसांनी प्रत्यक्ष करून दाखविले आहे. जेम्स बर्ड यांचे पुत्र रॉस बर्ड यांनी, २०११ साली आपल्या वडिलांच्या एका मारेकऱ्यास मृत्युदंड देण्यात येणार होता, तेव्हा त्या मृत्युदंडास उघडपणे विरोध केला. परंतु बर्ड यांचे नाव विसरले गेले नाही. २००९ साली संमत झालेल्या द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धच्या संघराज्य कायद्यास त्यांचे नाव जोडलेले आहे. सूड नाकारणारा पुत्र आणि पित्याच्या नावाचा कायदा, अशा या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकल्या.

दुसरे उदाहरण विस्कॉन्सिन राज्यातील ओक क्रीकचे. ५ ऑगस्ट २०१२ रोजी तेथील गुरुद्वारात एका श्वेतवर्चस्ववाद्याने गोळीबार करून सहा जणांचे प्राण घेतले. त्या वेळी जायबंदी झालेले आणखी एक गृहस्थ २०२० साली वारले. मृतांत गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका होते. त्यांचे पुत्र परदीपसिंग यांनी अर्नो मायकेलिस या माणसाचा शोध घेतला. मायकेलिस हे पूर्वी अशाच टोळीचे पुढारी होते आणि ते जीवन त्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी सोडले होते. असे का घडले, हा प्रश्न परदीपसिंगांनी त्यांना समोरासमोर विचारला. पुढे दोघे मिळून शाळाशाळांतून विद्यार्थ्यांशी बोलू लागले आणि २०१८ साली दोघांचे संयुक्त पुस्तक प्रसिद्ध झाले. येथे बदललेला मनुष्य आपल्या घराच्या भिंतीआड राहिला नाही. ज्याचा बाप मेला, त्याच्या प्रश्नासमोर तो बसला आणि उत्तर देण्याचे काम त्याने आयुष्यभराचे मानले. ‘अमेरिकन हिस्टरी एक्स’ जेथे थांबतो, तेथून पुढचा रस्ता हा आहे.

इतक्या त्रुटी दाखवूनही हा चित्रपट आमच्या तरुणांनी अवश्य पाहावा, असेच आम्ही म्हणू. मात्र त्यातील हिंसा आणि शिवीगाळ लक्षात घेता तो कोवळ्या मुलांसाठी नाही. द्वेष हा सुशिक्षित घरात, शांत आवाजात, गुणवत्तेच्या नावाने कसा रुजविला जातो, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारे चित्रपट थोडे आहेत. अत्यंत अधःपतित मनुष्यालाही परत फिरता येते, हा त्याचा विश्वास धम्माशी सुसंगत आहे. फक्त पाहताना प्रेक्षकाने दोन नोंदी स्वतःच्या मनाशी ठेवाव्यात. एक, रस्त्यावर मारल्या गेलेल्या त्या दोघांची. दुसरी, अद्याप सहा वर्षांची शिक्षा भोगीत असलेल्या लॅमॉन्टची. डेरेकचा द्वेष गेला, याचा आनंद मानावा. पण त्या तिघांचे देणे अजून कोणी दिलेले नाही, आणि ज्याचे मन खरोखर बदलले आहे त्याला ते देणे स्वतःचे वाटले पाहिजे.